फुकटबाईंचा भाऊ

दातांच्या डॉक्टरपुढे आ वासून बसलेल्या माणसाला भांडता येत नाही, आणि दादाला तर त्या दिवशी भांडायचंच होतं. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या दाढेपाशी कापूस कोंबला, दिवा तोंडावर ओढला आणि सहज विचारलं, "तुम्ही त्या फुकटबाईंचे भाऊ ना हो?"

"आँ," दादा म्हणाला.

"वाटलंच मला. नाक अगदी तस्संच आहे. काय लिहितात हो त्या! पेशंटला किती सांगायचं आणि किती नाही, यावरचा त्यांचा लेख मी तीनदा वाचला. एरवी तत्त्वज्ञान म्हटलं की मला झोप यायची. त्यांचं कसं, सरळ डोक्यात शिरतं." मग यंत्र सुरू करता करता त्या म्हणाल्या, "तुम्हीही काही लिहिता का?"

तुम्हीही! काही! दादाने खुर्चीचे हात घट्ट धरले. डॉक्टरीणबाईंना वाटलं, दुखतंय. दुखत होतंच, पण दाढेत नव्हे. ज्या माणसाने आयुष्याची बारा वर्षं घालून 'संमती' या एका विषयावर चारशे पानांचा ग्रंथ लिहिला, ज्याच्या ग्रंथावर दूरदेशीच्या नामांकित प्रकाशनाचा शिक्का आहे, त्याला एका दाढ कोरणाऱ्या बाईने विचारावं, तुम्हीही काही लिहिता का? आणि तोंडात कापूस असल्यामुळे त्याला 'आँ'शिवाय काही म्हणता येऊ नये?

दादा जळत होता. त्याला दुसरा शब्द नाही. लोक अशा वेळी 'खंत', 'सल' असले गोड गोड शब्द वापरतात. आपण कशाला वापरायचे? सख्ख्या धाकट्या बहिणीवर तो जळत होता, आणि हे दुखणं काही आजचं नव्हतं.

तसं पाहिलं तर धाकटीला तत्त्वज्ञानाचा नाद लावला दादानेच. वडील पोस्टात कारकून, आई शिवणकाम करायची, आणि घरात वाद घालण्याची हौस कुणालाच नाही. दादा कॉलेजात जाऊन नवीन नवीन शंका शिकून यायचा आणि त्या ऐकवायला घरात माणूस शोधायचा. सापडायची ती सहा वर्षांनी लहान असलेली धाकटी. आईच्या मशीनखाली चिंध्या वेचत बसलेली असायची.

"ही खुर्ची खरोखर आहे, हे कशावरून?" दादा विचारायचा.

"तू बसलायस ना तिच्यावर."

"आणि मी उठलो तर?"

"मग मी बसेन."

आई मशीन थांबवून हसायची. दादा मात्र हसायचा नाही. प्रश्न आपण विचारायचा आणि हशा हिने मिळवायचा, हे त्याला तेव्हाही आवडत नव्हतं. पण ऐकणारी दुसरी कोण होती? शिकवत गेला, आणि ती शिकत गेली.

पुढे दादा मोठ्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. धाकटीनेही त्याच वाटेने जाऊन डॉक्टरेट घेतली, पण तिची वेळ चुकली. त्या वर्षी कुठेच जागा नव्हत्या. शेवटी मिळाली ती नर्सिंग कॉलेजातली नोकरी. नर्स होणाऱ्या मुलींना नीतिशास्त्र शिकवायचं. आठवड्याला चार तास, वर्गाच्या एका कोपऱ्यात हाडांचा सापळा उभा, आणि ग्रंथालय म्हणजे एक पत्र्याचं कपाट. त्यातही निम्म्या भागात बँडेजं.

आता शोधनिबंध वाचायचे कुठून? विद्यापीठात होती तोवर तिच्याकडे पासवर्ड होता. जगातलं हवं ते नियतकालिक एका बोटावर उघडत होतं. पदवी हातात पडली आणि त्याच आठवड्यात पासवर्ड बंद. स्वतःच्या प्रबंधावर तिने जो निबंध छापला होता, तोसुद्धा तिला उघडेना. पडद्यावर कुलपाचं चित्र आणि खाली किंमत. स्वतः रांधलेलं वाढून घ्यायला हॉटेलवाल्याच्या दारात उभं राहावं, तसली गत.

मग ती दादाकडे येऊ लागली. दादाचा पासवर्ड चालू होता. दर शनिवारी यायची, वहिनीच्या हातचा चहा घ्यायची आणि म्हणायची, "दादा, हे एवढे दोन निबंध काढून दे ना."

दादाच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ कुठला, असं कुणी विचारलं तर तो ग्रंथाचं प्रकाशन सांगेल, लग्नही सांगेल, वहिनी जवळ उभी असेल तर. पण खरा सुखाचा काळ हा शनिवारांचा. बहीण दारात उभी, आणि किल्ली आपल्या खिशात. निबंध काढायला तो मुद्दाम वेळ लावायचा. "हा? हा कशाला वाचतेस, सुमार आहे," म्हणायचा. कधी नुसतंच, "उद्या बघू." वहिनी आतून ओरडायची, "अहो, बटण दाबायचं तर असतं, डोंगर थोडाच उचलायचाय!" तेव्हा कुठे दाबायचा.

आणि मग एके दिवशी नर्सिंगच्या वर्गात ती भानगड झाली.

मरणाऱ्या माणसाला खरं सांगावं की नाही, यावर धाकटी शिकवत होती. दादाने काढून दिलेला एक निबंध तिने समोर धरला होता. संशोधकांनी रुग्णालयातल्या नर्सेसना गाठून मुलाखती घेतल्या होत्या आणि त्यावरून मोठमोठे निष्कर्ष काढले होते. मागच्या बाकावरची, नोकरी करून शिकणारी एक वयस्क नर्स उठली आणि म्हणाली, "बाई, हा निबंध आम्हाला कुठे मिळेल? त्यात माझी मुलाखत आहे."

"तुमची?"

"हो. दोन माणसं आली होती. मी तासभर बोलले, रडलेसुद्धा. छापून आलं की कळवतो म्हणाले. कळवलं एकदा, पण उघडायला गेले तर कुलूप."

धाकटीने हातातले कागद तिला दिले. नर्सने उभ्या उभ्याच चाळले, स्वतःचं बोलणं शोधून काढलं, वाचलं आणि म्हणाली, "मी असं नव्हतं म्हटलं."

बस्स. तिथून धाकटीचं डोकं फिरलं ते फिरलंच. ज्ञान ज्यांच्या तोंडून घेतलं त्यांनाच ते तपासायला मिळत नसेल, तर ते ज्ञान कसलं? ती पाठीमागे केलेली चहाडी. हा तिचा सिद्धांत. पुढे तिने त्याला शास्त्रशुद्ध रूप दिलं, आक्षेप घेतले, उत्तरं दिली, पण मूळ गाभा एवढाच. आणि तिने शपथ घेतल्यासारखं ठरवून टाकलं की, यापुढे आपलं एक अक्षर कुलपात जाणार नाही.

"वेडी आहेस," दादा म्हणाला. "फुकट मिळणाऱ्या गोष्टीला किंमत नसते. लोक म्हणतील, कुणी छापेना म्हणून वाटत सुटली."

लोक तेच म्हणाले. 'फुकटबाई' हे नाव पहिल्यांदा दादाच्याच विभागात पडलं. ते कुणी पाडलं यावर दादा कधी बोलत नाही. बढतीच्या मुलाखतीत समितीने तिचे निबंध बाजूला सारले. अमुक दर्जाच्या नियतकालिकात नाही म्हणजे मोजायचे नाहीत. दोनदा बढती हुकली. दोन्ही वेळा दादा तिच्या घरी गेला, तिची समजूत घातली, "मी सांगत होतो" असं तीन-चार वेळा म्हणाला, आणि परतताना शीळ वाजवत जिना उतरला. वहिनी बरोबर होती. तिने ती शीळ ऐकली आणि घर येईपर्यंत त्याच्याशी अवाक्षर बोलली नाही.

पण धाकटी चिवट. तिने आपले निबंध, वर्गातली टिपणं, सगळं एका वेबसाइटवर ठेवलं. मग दुसरे ठेवू लागले. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन तिने खुलं नियतकालिक काढलं. कुणीही वाचा, कुणीही लिहा, नोंदणी करून कुणीही कुणाच्याही निबंधाचं परीक्षण करा. खाली चाकांना हवा भरल्याचे आवाज आणि वर ज्ञानमीमांसा! हळूहळू नर्सेस वाचू लागल्या, मग वकील, शाळामास्तर, भाषांतर करणारे. मग परदेशातले प्राध्यापक. ज्यांनी 'फुकटबाई' म्हणून हिणवलं होतं त्यांनी आपले निबंध गुपचूप तिच्याकडे पाठवले. ते नाव तर तिने अंगावर दागिन्यासारखं घेतलं. व्याख्यानाची सुरुवातच, "नमस्कार, मी फुकटबाई," अशी करायची, आणि टाळ्या!

तिचा नियम एकच, आणि तो दगडावरची रेघ. एकदा प्रसिद्ध झालेलं काही काढायचं नाही. चूक असेल तर खाली दुरुस्ती लिहा, भांडायचं असेल तर खाली भांडा, पण पुसायचं नाही. एका बड्या कुलगुरूंनी स्वतःचंच एक चुकीचं विधान काढून टाकायला सांगितलं, मग दरडावलं, मग वकिलाची नोटीस धाडली. ही हलली नाही. वर्तमानपत्रात फोटो आला. दादाने ते पान घडी घालून खिडकीच्या फटीत खोचलं. वारा येतो म्हणाला.

आणि या सगळ्यात दादाला सर्वांत जास्त झोंबलं ते वेगळंच. ती शनिवारी यायची थांबली. म्हणजे यायची, वहिनीशी गप्पा मारायची, चहा प्यायची. पण "दादा, एवढं काढून दे ना" म्हणायची नाही. लेखकच तिला आपापले निबंध पाठवत होते. दादाची किल्ली खिशातच राहिली. बहीण मोठी झाल्याचं दुःख त्याने एक वेळ गिळलं असतं. बहिणीला आपली गरज उरली नाही, हे घशाखाली उतरेना.

त्यातच त्याचा ग्रंथ आला. जाड, देखणा, निळ्या कापडात बांधलेला, आणि इतका महाग की त्याच्या स्वतःच्या विद्यापीठाने "पुढच्या वर्षी बघू" म्हटलं. दादाने आपली एक प्रत ग्रंथालयाला भेट दिली. ग्रंथपालांनी ती आदराने काचेच्या कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. ग्रंथाला आता कुत्रंसुद्धा हुंगत नव्हतं. वर्षभरात एका माणसाने तो मागितला, आणि तो बांधणी बघायला आलेला पुस्तकबांधणीवाला निघाला.

तर अशा मनःस्थितीत दादा त्या दाताच्या खुर्चीत बसला होता. म्हणून त्या शनिवारी डॉक्टरीणबाईंचा तो प्रश्न त्याला फार लागला.

रविवारी दुपारी वहिनी आडवी झाली तेव्हा दादाने संगणक उघडला. धाकटीने आपला नवा मोठा निबंध परीक्षणासाठी वेबसाइटवर ठेवला होता. त्या वयस्क नर्सपासून सुरू होणारा, आयुष्यभराच्या विचारांचं सार म्हणावा असा. खाली वीसेक परीक्षणं आली होती. 'मौलिक.' 'डोळे उघडणारा.' 'बाईंना सलाम.' दादाने नाक मुरडलं आणि वाचायला घेतलं.

त्याने तो शेवटच्या टीपेपर्यंत वाचला. प्रेमाने वाचणारा माणूस चार ओळी गाळतो, कंटाळलेला पानं गाळतो. जळणारा काहीच गाळत नाही. आणि तिसऱ्या भागात त्याला फट सापडली. धाकटी म्हणत होती, नर्सने सांगितलेलं सगळ्यांना खुलं असलं पाहिजे. पण नर्सला ते सगळ्यांना खुलं हवंय का? तिने दोन संशोधकांपुढे रडून सांगितलेलं उद्या तिच्या मेट्रनने वाचलं तर? स्वतःला वाचायला मिळावं एवढंच मागणाऱ्या बाईचं बोलणं हिने परस्पर चव्हाट्यावर मांडलं. तिची संमती घेतली होती का? संमती! दादाचा प्रांत! त्याला खुर्चीत बसवेना.

त्याने लिहायला घेतलं. बारा वर्षांत त्याच्या हातून असं लिहून झालं नव्हतं. वाक्यं धारदार, मुद्दे चोख, एक शब्द इकडचा तिकडे नाही. तिथेच थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण हात शिवशिवत होते. शेवटी त्याने आणखी एक वाक्य ठोकलं: 'लेखिकेचं वाचन उसनं आहे, विचारही उसनेच असावेत, अशी शंका येते.'

मग नोंदणी केली. नाव, हुद्दा, विद्यापीठ, सगळं खरं खरं भरलं. तीस वर्षं तो अशीच परीक्षणं करत आला होता. नाव फक्त संपादकाला कळतं, लेखकाला दिसतो तो 'परीक्षक क्रमांक दोन'. परीक्षकाने नाव लपवून झोडपायचं आणि लेखकाने मुकाट आभार मानायचे, हीच त्याच्या धंद्यातली रीत. तळाशी चौकोन होता, 'मला सर्व नियम मान्य आहेत.' संमती म्हणजे नेमकं काय, ती कधी खरी आणि कधी नुसती खूण, यावर चारशे पानं लिहिणाऱ्या या गृहस्थाने नियमाची एक ओळही न वाचता तिथे खूण केली आणि बटण दाबलं. मग संध्याकाळी वहिनीला फिरायला घेऊन गेला. ती चकित झाली.

मंगळवारी स्टाफरूममध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक चहाचा कप घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसले. "मानलं बुवा तुम्हाला! झोडपलंत बहिणीला, आणि तेही उघड, नावानिशी. छाती लागते."

दादाचा घोट श्वासनळीत गेला.

"शेवटचं वाक्य जरा लागलं हं मनाला," ते दादाची पाठ थोपटत म्हणाले, "पण मुद्दा बिनतोड."

खोलीत जाऊन दादाने दार लावून घेतलं आणि वेबसाइट उघडली. निबंधाखाली त्याचं नाव. पूर्ण नाव, हुद्दा, विद्यापीठ. आणि बाजूला तो नियम, जाड अक्षरात: परीक्षकाने आपल्या नावाने बोलावं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सगळे सहकारी वाचणार. वहिनी वाचणार. आणि धाकटीने वाचलंच असणार. हे काढायला हवं, आत्ताच्या आत्ता. आणि काढणार कोण? जिने कुलगुरूला भीक घातली नव्हती ती.

तो गेला. सायकलींच्या दुकानावरचा अरुंद जिना चढून गेला तेव्हा धाकटी एकटीच होती, टेबलाशी, चष्मा कपाळावर सारून.

"ये दादा. बस. ते कागद खाली ठेव."

तो बसला नाही. "ते तू वाचलंस?"

"रविवारीच. नाव नसतं तरी ओळखलं असतं मी. उसनं वाचन कुणाकडून आणलं होतं, ते तुझ्यामाझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?"

खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं.

"तिसऱ्या भागाचं तुझं म्हणणं बरोबर आहे," धाकटी म्हणाली. "मी काल जाऊन त्या नर्सबाईंना भेटले. त्या म्हणाल्या, मला कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नव्हतं विचारलं, दादा. इतकी वर्षं त्यांची गोष्ट सांगत फिरले. तो भाग मी परत लिहितेय. वीस जणांनी सलाम ठोकले, पण नीट वाचलंस तू एकट्याने."

दादाला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. चूक दाखवली आपण, आणि ती मान्य करून मोठी झाली ही! हिला हरवायचं तरी कसं माणसाने?

"ते काढ," तो म्हणाला. "मला ठाऊक नव्हतं नाव छापतात ते."

"नियमात आहे."

"वाचला नव्हता."

धाकटीला हसू आलं, पण तिने ते दाबलं. संमतीचा ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाला ती एवढ्यावर कितीतरी बोलू शकली असती. बोलली नाही. तिने संगणक स्वतःकडे वळवला.

"काढते," ती म्हणाली.

"काय?"

"काढते म्हटलं. आजवर कुणासाठी काढलं नाही. लोक विचारतील, त्यांना काय सांगायचं ते मी बघेन. मुद्दा मी माझ्या निबंधात घेईन, तुझं नाव देऊन. पण ते शेवटचं वाक्य तिथे राहिलेलं मला बघवत नाही, दादा. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर राहू दिलं असतं." तिने पडद्यावरचा बाण 'काढा' या बटणावर नेला. "फक्त एकेक वाक्य काढता येत नाही. काढलं तर सगळं जाईल. काढू?"

दादाने हो म्हणायला तोंड उघडलं. आणि त्याची नजर पडद्यावर गेली. त्याच्या नावाशेजारी डोळ्याचं छोटं चित्र होतं, आणि पुढे एक आकडा.

"हे काय आहे?"

"किती जणांनी उघडून वाचलं ते."

"म्हणजे... माझं? माझं परीक्षण?"

"हो. निबंधापेक्षा जास्त चाललंय ते. परदेशात दोन विद्यापीठांत वर्गात वाचायला दिलंय."

आकडा चार अंकी होता. बारा वर्षं, चारशे पानं, आणि एक पुस्तकबांधणीवाला. इथे एका रविवारच्या दुपारी लिहिलेलं, आणि हजारो माणसं. त्याला लाज वाटत होती, खोटं कशाला बोला, पण लाजेच्या वर आनंद तरंगत होता. धाकटीला आयुष्यभर रोज हे असं वाटत आलं असणार! आणि आता आपल्याला मिळालं तर तेही तिच्याच हाताने पुसून जाणार?

"राहू दे," तो म्हणाला.

धाकटीने वळून पाहिलं. "ते वाक्यसुद्धा?"

"आता... सगळंच जाईल म्हणतेस ना. मग राहू दे. तुझा नियम आहे. माझ्यामुळे मोडायला नको."

मग तिने हात उचलून मांडीवर घेतला.

"बरं," ती म्हणाली. "चहा घेतोस?"

"नको. निघतो."

घरी वहिनी दारातच उभी होती. अर्थशास्त्रवाल्यांच्या बायकोचा फोन येऊन गेला होता, तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"काढलं का ते?" तिने विचारलं.

"ती तयार होती काढायला," दादा चपला काढता काढता म्हणाला. "मीच नको म्हटलं. शेवटी तत्त्वाचा प्रश्न आहे."

"कुणाच्या तत्त्वाचा?"

"तिच्या. तिचा नियम आहे तो."

"ती स्वतःचा नियम तुमच्यासाठी मोडत होती, आणि तुम्ही तो सांभाळलात?" वहिनीने त्याच्याकडे नीट पाहिलं. तीस वर्षांचा संसार. तिच्यापुढे तत्त्वज्ञान चालत नसे. "अहो, खरं सांगा. किती लोकांनी वाचलंय ते?"

दादाने आकडा सांगितला. सांगताना तोंडावरचं हसू काही केल्या आवरेना.

वहिनी त्या हसण्याकडे बघत राहिली. "ती पोर शनिवार शनिवार या दारात उभी राहायची," ती म्हणाली. "एका बटणासाठी तिला तुम्ही ताटकळत ठेवलंत. आज तिने तुमच्या एका शब्दावर हात पुढे केला, आणि तुम्ही काय मोजत बसलात? आत्ता फोन लावा. लावा म्हणते ना! मी उभी आहे इथे."

तिचा हा आवाज दादा ओळखून होता. त्याने फोन लावला.

"मी बोलतोय," तो म्हणाला. "ते... काढून टाक. मी विचार केला."

पलीकडे खालच्या दुकानातली ठोकाठोक ऐकू येत होती.

"आता नाही, दादा," ती शांतपणे म्हणाली. "मघाशी तू हो म्हणाला असतास, तर बहीण म्हणून काढलं असतं. तेव्हा तू आकडा बघितलास. आता तिथे कुणी कुणाचं नाही. तू परीक्षक, मी संपादक, आणि नियम सगळ्यांना सारखा. वहिनीला सांग, शनिवारी मला यायला जमणार नाही."

"पुढच्या शनिवारी?"

"बघू," धाकटी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दादाने फोन हळूच टेबलावर ठेवला. वाईट वाटलं त्याला, नाही असं नाही. पण त्या वाईट वाटण्याच्याही खालून, चोरासारखं, एक समाधान वर येत होतं: राहिलं. आपलं लिहिलेलं राहिलं.

तो वहिनीकडे वळला आणि हात पसरून म्हणाला, "बघ. मी सांगून पाहिलं."